या मुलांना शिकवते कोण? मुख्याध्यापकांना आणि शिक्षण प्रशासनाला खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि शिक्षण प्रशासनातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांच्या फाइलमध्ये एकापेक्षा जास्त निदाने लिहिलेली असतात, म्हणजे सेरेब्रल पाल्सीबरोबर (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) दृष्टिदोष, स्वमग्नतेबरोबर अपस्मार, बौद्धिक अक्षमतेबरोबर श्रवणदोष, अशा मुलांबरोबर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. सोयी नसलेल्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. हे पत्र मात्र सोयी असलेल्या शाळांविषयी आहे. जिथे रॅम्प बांधलेला आहे, स्वतंत्र खोली आहे, मदतनीस नेमलेली आहे, ठरलेल्या वारी थेरपिस्ट येतात आणि कपाटात प्रत्येक मुलाची जाड फाइल आहे, अशा शाळांत मी एक साधा प्रश्न विचारत आले आहे : या मुलाला शिकवते कोण? उत्तरादाखल मला खोली दाखवली जाते, वेळापत्रक दाखवले जाते, मदतनीस बाईंचे नाव सांगितले जाते. शिक्षकाचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि तेही जरा आठवून.

हा प्रश्न मला का पडतो ते एका तासावरून सांगते. चौथीचा विज्ञानाचा तास होता. टेबलावर पाण्याची पारदर्शक टाकी होती आणि कोणती वस्तू बुडेल, कोणती तरंगेल याचा अंदाज मुलांनी आधी सांगायचा होता. चाकांच्या खुर्चीत बसलेला, बोलू न शकणारा नऊ वर्षांचा एक मुलगा दाराजवळ, शेवटच्या रांगेच्याही मागे होता, कारण खुर्ची तिथेच मावत होती. त्याच्यासमोरच्या फळीवर डावीकडे 'बुडेल' आणि उजवीकडे 'तरंगेल' अशी दोन चित्रे लावलेली होती. शिक्षिकांनी लाकडी ठोकळा उचलला, वर्गाला प्रश्न विचारला आणि, याचे कौतुक करायलाच हवे, त्या मुलाचेही नाव घेतले. मदतनीस बाईंनी लगेच त्याचे मनगट धरून हात 'तरंगेल'च्या चित्रावर टेकवला, वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि ठोकळा पाण्यात पडला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते आधी टाकीकडे गेले, मग चित्रांकडे आले, डावीकडे थांबले, उजवीकडे निघाले. तोवर शिक्षिकांच्या हातात तिसरी वस्तू आलेली होती. त्या तासाच्या नोंदीत 'सहभाग चांगला' असे लिहिले गेले.

त्या मदतनीस बाईंविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्या मुलाला आकडी येणार हे त्यांना इतरांच्या आधी कळते, खुर्चीत तो एका बाजूला कलला की न सांगता त्याला सरळ करतात, आणि त्याच्या रडण्याचे तीन प्रकार त्या वेगवेगळे ओळखतात. परंतु त्या तासाला काय शिकवले जाणार आहे हे त्यांना कोणीही आधी सांगितलेले नव्हते. धडा त्यांना कळला तो मुलाला कळला त्याच क्षणी. उत्तरासाठी थांबायचे असते हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. उलट मुलगा मागे पडलेला दिसू नये हीच आपली नोकरी अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती समजूत शाळेनेच करून दिली होती.

ही एका वर्गाची गोष्ट नाही. इंग्लंड आणि वेल्समधील शाळांत २००३ ते २००९ या काळात मदतनीस कर्मचाऱ्यांच्या कामाचा एक मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना मदतनीसाची साथ सर्वांत जास्त मिळाली, त्यांची विषयांतील प्रगती, त्यांच्यासारख्याच पण कमी साथ मिळालेल्या मुलांपेक्षा कमी असल्याचे त्यात दिसले. मुलांची आधीची पातळी आणि अडचणी लक्षात घेऊनही निष्कर्ष तोच राहिला. अभ्यासकांनी याचा दोष मदतनीसांना दिला नाही. त्यांना ज्या पद्धतीने वापरले जाते त्या पद्धतीला दिला : मदतनीस आली की शिक्षक त्या मुलापासून दूर होतो, आणि तयारीसाठी किंवा शिक्षकाशी बोलण्यासाठी मदतनीसाला वेळच दिलेला नसतो. अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच जवळून पाहिले होते. प्रौढ माणूस सतत शेजारी बसलेले असले की वर्गमित्र त्या मुलाजवळ येईनासे होतात आणि वर्गशिक्षकाला ते मूल आपले वाटेनासे होते. या दोन्ही अभ्यासांतील सर्वच मुले अतिशय गुंतागुंतीच्या गरजांची नव्हती, हे मान्य करूनही मी म्हणेन की जे मूल स्वतः हाक मारू शकत नाही त्याच्या बाबतीत हा धोका वाढतो, कमी होत नाही.

याउलट एक रचना सांगते. इटलीने १९७७च्या कायद्याने वेगळे वर्ग बंद केले आणि सहायक शिक्षकाची व्यवस्था उभी केली. तेथील नियमानुसार हा शिक्षक एका मुलाला नव्हे, वर्गाला दिला जातो आणि वर्गाची जबाबदारी दोघा शिक्षकांची समान असते. प्रत्यक्षात तिथेही सगळे सुरळीत चालते असा माझा दावा नाही. पण कागदावर जबाबदारी कुणाच्या नावे लिहिली आहे यावरून पुढे बरेच काही ठरते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे (२००६) कलम २४ शिक्षणाविषयी आहे, आणि करार-समितीने २०१६ मध्ये त्याचा अर्थ स्पष्ट करताना म्हटले की अभ्यासक्रम, अध्यापन आणि रचना यांत बदल न करता मुलाला सर्वसाधारण वर्गात नुसते आणून बसवणे म्हणजे समावेशन नव्हे. स्वतंत्र विशेष शाळांनीही हा प्रश्न आपल्याला लागू नाही असे समजू नये. दिवसभर खोलीतून खोलीत नेले जाणारे आणि कुठेच शिकवले न जाणारे मूल मी तिथेही पाहिले आहे.

आता 'गुंतागुंतीच्या गरजा' या शब्दांविषयी. आपल्या कार्यालयांत त्यांचा अर्थ 'पुष्कळ गरजा' असा घेतला जातो आणि मग प्रत्येक गरजेला एक तज्ज्ञ, प्रत्येक तज्ज्ञाला एक तास अशी मांडणी होते. प्रत्यक्षात या गरजा एकमेकींत अडकलेल्या असतात. काही मुलांचे डोळे तपासणीत ठीक असतात, पण डोळ्यांनी पाहिलेले समजून घेण्याचे मेंदूचे काम बिघडलेले असते. अशा मुलाला रंगीबेरंगी पान म्हणजे नुसता गोंधळ दिसतो, आणि तीच वस्तू काळ्या कापडावर एकटी ठेवली तर दिसते. अशी एक मुलगी माझ्याकडे होती. काळे कापड अंथरूनही ती वस्तूकडे पाहीना. नेत्रतज्ज्ञांच्या अहवालात 'प्रतिसाद नाही', मानसशास्त्रज्ञांच्या अहवालात 'आकलन मर्यादित' आणि शिक्षकांच्या वहीत 'रस घेत नाही' असे लिहिलेले होते. तिघांनीही जे पाहिले तेच लिहिले होते. तिचे पाय मात्र कोणी पाहिले नव्हते. खुर्ची मोठी असल्याने ते लोंबकळत होते, आणि धड सरळ ठेवण्यातच तिची सारी ताकद जात होती. शाळेच्या सुताराने पायांखाली बोटभर जाडीच्या तीन फळ्या एकावर एक ठोकून दिल्या, कमरेला पट्टा लावला, आणि काही दिवसांनी ती पिवळ्या चेंडूकडे टक लावून पाहू लागली. ही युक्ती ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवली त्या दोन वर्षे त्याच इमारतीत येत होत्या, पण शिक्षकांच्या तासाला नव्हे, वेगळ्या खोलीत.

अशी कितीतरी उदाहरणे आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांच्या मध्यकर्णात द्रव साठतो आणि त्यांचे ऐकू येणे आठवड्यागणिक कमीजास्त होते. सोमवारी सूचना पाळणारे मूल गुरुवारी 'हट्टी' ठरते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद फक्त शून्यात पाहते, पडत नाही, थरथरत नाही, आणि सूचनेचा मधला तुकडा त्याच्या हातून निसटतो. वहीत शेरा येतो 'लक्ष नसते'. यांतले काहीही एका तज्ज्ञाला एकट्याने दिसत नाही. म्हणून माझी मागणी तज्ज्ञांचे तास वाढवण्याची नाही. आहेत त्या तासांतला काही वेळ वर्गातच, धडा चालू असताना, शिक्षकाच्या शेजारी घालवला जावा, एवढीच आहे.

वेळेविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून मोजले तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे दिसले. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांब आणि नेमकी येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. ही गोष्ट बोलणाऱ्या, चालणाऱ्या मुलांची. ज्या मुलाला प्रश्न ऐकून, मान स्थिर करून, दोन चित्रांपैकी एकावर नजर नेऊन तिथे ठेवायची आहे, त्याला किती वेळ लागेल? मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. पहिल्यांदा ते वीस आकडे फार लांब वाटतात, पाहणाऱ्यांना अवघडल्यासारखे होते, आणि मदतीला हात आपोआप पुढे जातो. तो हात मागे ठेवायला शिकणे हेच आमच्या कामातले निम्मे शिक्षण आहे आणि एकाही प्रशिक्षण-शिबिराच्या वेळापत्रकात मला ते आजवर आढळलेले नाही.

मुलाच्या बोलण्याचे साधन ही दुसरी गोष्ट. संवादफलक, चित्रांची पुस्तिका किंवा बोलणारे टॅबलेट यांवर शाळा खर्च करतात आणि मग ते खराब होऊ नये म्हणून कपाटात ठेवतात. स्पीच थेरपीच्या अर्ध्या तासात ते बाहेर निघते. बोलणाऱ्या मुलांना आपण आठवड्यातून अर्धा तास तोंड उघडायला देऊ का? पालकांना आणि काही शिक्षकांनाही अशी भीती वाटते की चित्रे दिली तर मूल कधीच बोलणार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या एका आढाव्यात विश्वासार्ह पुरावा असलेल्या व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे घटलेले आढळले नाही आणि बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. वर्तनाच्या तक्रारींचे मूळही पुष्कळदा इथेच असते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की मारणे, ओरडणे, वस्तू फेकणे यांतून मूल जे मागत असते, म्हणजे कुणाची मदत किंवा कुणाचे लक्ष, ते मागण्याची सोपी रीत त्याला शिकवली की ते वर्तन कमी होते. तरीही 'वर्तन-नोंदवही' प्रत्येक शाळेत ठेवली जाते आणि 'काय मागत होता' हा रकाना तिच्यात नसतो. संवादफलकावर 'नको', 'थांबा' आणि 'दुखतेय' ही चित्रे आहेत का, एवढे तरी आपण स्वतः एकदा पाहावे. माझ्या अनुभवात फलकावर 'शौचालय', 'पाणी' आणि 'धन्यवाद' असते. नकार देण्याची सोय मोठ्यांना सुचत नाही.

वैयक्तिक शिक्षण आराखड्यांविषयी, म्हणजे एकेका मुलासाठी शिकण्याची उद्दिष्टे लिहिलेल्या कागदांविषयी, मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांवरची शाई आपणांस माझ्यापेक्षा अधिक परिचित आहे. गेल्या तीन वर्षांचे आराखडे शेजारी ठेवून वाचले तर बहुधा उद्दिष्टे तीच असतात, तारीख तेवढी बदलते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१७ मध्ये आलेले कोलोरॅडो राज्यातील एका स्वमग्न मुलाचे प्रकरण याच मुद्द्यावरून उभे राहिले : त्याच्या आराखड्यात वर्षानुवर्षे जवळजवळ तीच उद्दिष्टे उतरवली जात होती. आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीचा विचार करता योग्य ती प्रगती घडवील असा असला पाहिजे, नाममात्र लाभ पुरेसा नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. प्रगती मोजायची कशी, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो विचारणाऱ्यांना मी टाळाटाळ करणारे समजत नाही. 'अक्षरे ओळखतो, होय किंवा नाही' अशा पट्टीवर काही मुले वर्षभर एकाच जागी दिसतात. इंग्लंडमध्ये २०१६च्या रॉचफर्ड समितीच्या शिफारशीनंतर, ज्या मुलांचे शिक्षण अजून विषयवार सुरू झालेले नाही त्यांच्यासाठी वेगळी रीत आखली गेली आणि २०२१ पासून ती बंधनकारक झाली. मूल नव्या वस्तूचा शोध घेते का, आपल्या कृतीने काही घडते हे त्याच्या ध्यानात येते का, पुढे काय होणार याची ते वाट पाहते का, चिकाटी धरते का आणि स्वतःहून सुरुवात करते का, या पाच अंगांनी त्याच्याकडे पाहायचे आणि तुलना फक्त त्याच्या कालच्या स्वतःशी करायची. ही रीत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. पण असे काही लिहायचे तर शिक्षकाला त्या मुलाकडे पाहावेच लागते. दुसऱ्याच्या नोंदीवरून ते लिहिता येत नाही.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे : चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने एका मुलासाठी वीस सेकंद कुठून आणायचे? आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर त्याच विज्ञानाच्या वर्गात मिळाले, म्हणून सांगते. शिक्षिका, मदतनीस बाई आणि मी मधल्या सुटीत दहा मिनिटे बोललो. पुढच्या तासाला शिक्षिकांनी मेणबत्ती उचलली, सर्वांत आधी त्या मुलासमोर नेली, प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता उरलेल्या वर्गाकडे वळल्या. चार-पाच मुलांचे अंदाज ऐकून झाल्यावर त्या परत आल्या. मदतनीस बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. त्यांना ते किती जड गेले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मुलाची नजर 'बुडेल'वर ठरलेली होती. मेणबत्ती पाण्यात टाकली आणि ती तरंगली. शिक्षिका त्याला म्हणाल्या, "चुकलं रे तुझं." तो एवढ्या मोठ्याने हसला की खुर्ची हलली. चार वर्षांच्या शाळेत त्याचे काही चुकल्याची नोंद मला त्याच्या फाइलमध्ये सापडली नाही.

तेव्हा वर्गशिक्षकाला वेळ हवा तो मुख्यतः त्या तासाच्या आधी, तासात नव्हे. शिक्षक आणि मदतनीस यांना आठवड्यातून निदान एकदा, दोघांच्याही पगारी वेळेत, पुढच्या पाठांविषयी बोलण्याची सोय वेळापत्रकातच असावी. ती दोघांच्या चांगुलपणावर आणि जिन्यातल्या भेटीवर सोडू नये. प्रत्येक आराखड्यावर, मदतनीसाच्या नावाच्या वर, त्या मुलाला शिकवण्यास जबाबदार असलेल्या शिक्षकाचे नाव असावे आणि पालकसभेला त्यानेच बोलावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी फाइल मागण्याआधी पंधरा मिनिटे वर्गात मागे बसून एवढेच मोजावे की शिक्षक त्या मुलाशी किती वेळा थेट बोलला आणि उत्तरासाठी किती थांबला. या मोजणीसाठी वेगळा फॉर्म छापण्याची आवश्यकता नाही. प्रशिक्षणाचा निधी आज बव्हंशी व्याख्यानांवर खर्च होतो. त्यातील काही भाग मदतनीसांच्या प्रशिक्षणाकडे वळवावा आणि ते प्रशिक्षण ज्या मुलाबरोबर त्यांना काम करायचे आहे त्याच मुलाबरोबर व्हावे.

एक गोष्ट तातडीची आहे, आणि हे पत्र याच वेळी लिहिण्याचे कारणही तेच आहे. सत्र संपत आले की वर्गवाटप होते आणि मदतनीस बदलतात. बोलणारे मूल नव्या शिक्षकाला आपली ओळख स्वतः करून देते. ज्याला ते जमत नाही त्याच्याविषयी वर्षभरात जमलेली माहिती, म्हणजे उजव्या बाजूने बोलावले तर लवकर कळते, खिडकीच्या उजेडात चित्रे दिसत नाहीत, 'हो' म्हणजे डोळे वर आणि 'नाही' म्हणजे मान बाजूला, ही सगळी एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्या माणसाबरोबर निघून जाते. जून महिना असो की दुसरा कोणता, नव्या वर्षाचे पहिले दोन-तीन महिने मग तेच पुन्हा शोधण्यात जातात. काही वेळा ते शोधलेच जात नाही आणि मुलाचे 'हो' म्हणणे पुढचे वर्षभर कोणाला कळत नाही. यावर उपाय म्हणून मुलाच्या नावे एक पान असावे, त्याच्याच बोलीत लिहिलेले, 'मी असा हो म्हणतो' अशा वाक्यांनी सुरू होणारे, पालक आणि मदतनीस यांनी मिळून तयार केलेले. शिवाय जुन्या आणि नव्या शिक्षकाने त्या मुलाबरोबर निदान दोन तास एकत्र घालवावेत. वर्गवाटपाच्या याद्या सही होऊन बाहेर पडण्यापूर्वी हे दोन तास त्यांत धरले जावेत, अशी माझी आपणांस विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका